रांगेत पुढे कोण? राउटरवरील प्राधान्य आणि बँडविड्थच्या नियमांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत: एकाच इंटरनेट जोडणीवर अनेक जण अवलंबून असताना कोणाच्या कामाला आधी वाट मिळावी आणि कोणाला किती वाटा द्यावा, हे राउटरला कसे सांगायचे. राउटरच्या मेनूत ही सोय बहुधा ‘क्यूओएस’ म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस, ‘बँडविड्थ कंट्रोल’ किंवा ‘डिव्हाइस प्रायॉरिटी’ अशा नावांनी आढळते. प्रत्येक कंपनीचा मेनू निराळा असल्यामुळे कोणते बटण कुठे आहे हे सांगण्याऐवजी ते बटण दाबल्यावर आत काय घडते, ते समजावून देण्यावर खालील उत्तरांत भर दिला आहे.

प्रश्न: आमच्या जोडणीचा वेग डाउनलोडला १०० आणि अपलोडला १० एमबीपीएस (मेगाबिट प्रतिसेकंद) आहे आणि मोजून पाहिल्यास तो पुरेपूर भरतो. तरीही घरातल्या कोणाच्या फोनवरून छायाचित्रांचा बॅकअप सुरू झाला की माझ्या व्हिडिओ बैठकीतला आवाज तुटू लागतो. राउटरमध्ये माझ्या लॅपटॉपला सर्वोच्च प्राधान्य देऊनही काडीचा फरक पडला नाही. ही सोय केवळ दिखाऊ असते का?

दिखाऊ नसते, परंतु प्राधान्य हे रांगेतल्या क्रमाला लागू होते आणि आपल्या बाबतीत रांग राउटरमध्ये लागतच नाही. राउटर आणि मोडेम यांना जोडणारी तार बहुधा १ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाची असते. त्यामुळे फोनकडून आणि लॅपटॉपकडून आलेली पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, राउटर विनाविलंब पुढे ढकलतो. त्याच्यापाशी काही साचतच नाही, मग पुढे-मागे करायचे तरी कोणाला? खरी अडचण मोडेमच्या तोंडाशी होते, कारण तिथून बाहेर जाणारी वाट १० मेगाबिटचीच असते. रांग तिथे लागते, आणि आपण राउटरला दिलेल्या सूचनांचा मोडेमला पत्ताही नसतो. तो आलेल्या क्रमाने एकेक पॅकेट सोडत राहतो आणि आपल्या आवाजाचे पॅकेट बॅकअपच्या शेकडो पॅकेटांमागे ताटकळते.

ही रांग किती लांब होऊ शकते, हे साध्या हिशेबाने कळते. मोडेममध्ये अर्धा मेगाबाइट साठवणक्षमता, म्हणजे बफर, आहे असे धरू. अर्धा मेगाबाइट म्हणजे ४ मेगाबिट. ते १० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने रिकामे व्हायला ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर तो सहसा जाणवत नाही आणि ४०० च्या पुढे जाऊ नये. म्हणजे एकटा बॅकअप ती सगळी मर्यादा खाऊन टाकतो. वेगमापक चाचणीत यातले काही दिसत नाही, कारण ती मुख्यतः किती माहिती गेली ते मोजते, एखादे पॅकेट किती वेळ खोळंबले ते नव्हे. अलीकडच्या काही चाचण्या भार असतानाचा विलंबही दाखवतात. आकड्यांच्या त्या कोपऱ्याकडे अवश्य पाहावे.

या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नाव आहे. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या जोडणीवर त्याचा छडा लावला आणि पुढे ते नाव रूढ केले. मेमरी स्वस्त झाल्यावर एकही पॅकेट वाया जाऊ नये या सद्हेतूने उपकरणांमध्ये मोठमोठे बफर घातले गेले, आणि घोटाळा तिथेच झाला. इंटरनेटवरील बहुतेक संगणक, पॅकेट हरवू लागले की वाटेत गर्दी आहे असे समजून आपला वेग कमी करतात. ही शिस्त व्हॅन जेकबसन यांच्या १९८८ च्या कामातून आली. त्याआधी, १९८६ मध्ये, बर्कलीतील दोन संस्थांमधला, जेमतेम ४०० यार्ड अंतरावरचा दुवा गर्दीमुळे ३२ किलोबिट प्रतिसेकंदावरून ४० बिट प्रतिसेकंदापर्यंत कोसळला होता. बफर फार मोठा असला की पॅकेट हरवत नाही, नुसते थांबून राहते. पाठवणाऱ्याला गर्दीची खबर उशिरा लागते आणि तोवर तो भरच घालत असतो.

म्हणून पहिले पाऊल प्राधान्याचे नव्हे, मर्यादेचे आहे. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चार-पाच वेळा अपलोडचा वेग मोजावा, त्यातला कमीतकमी विश्वासार्ह आकडा घ्यावा आणि राउटरमध्ये एकूण अपलोडची मर्यादा त्याच्या साधारण ९० टक्क्यांवर बांधावी; आपल्यासाठी ती ९ एमबीपीएस, म्हणजे ९००० केबीपीएस होईल. आता मोडेमच्या तोंडाशी गर्दी होण्याआधीच राउटर पॅकेट रोखून धरतो. रांग त्याच्या ताब्यात येते आणि मग आपण दिलेल्या प्राधान्याला अर्थ प्राप्त होतो. एक मेगाबिट वेग सोडून द्यावा लागतो, याची अनेकांना हळहळ वाटते. माझ्या मते हा सौदा डोळे मिटून करण्याजोगा आहे.

राउटरमध्ये ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ नावाचा पर्याय असेल, तर प्राधान्याचे नियम लिहिण्याआधी तो वापरून पाहावा. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ या मुक्त प्रणालीत तो ‘एसक्यूएम’ नावाच्या विभागात मिळतो. कोडेल ही पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. रांगेत किती पॅकेट आहेत हे न मोजता प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ उभे होते ते ती मोजते, आणि तो वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तर पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला जागे करते. ‘एफक्यू’ हा भाग प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतो, त्यामुळे आवाजासारखा बारीक प्रवाह बॅकअपसारख्या जाड प्रवाहामागे अडकतच नाही. बहुतेक घरांत एवढ्यावर काम भागते आणि लॅपटॉपला सर्वोच्च प्राधान्य देण्याची गरजही उरत नाही.

फरक पडला की नाही हे मनाच्या समाधानावर सोडू नये. लॅपटॉपवर पिंगची, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी, आज्ञा चालू ठेवावी, मोठी फाइल अपलोडला लावावी आणि मर्यादेआधीचे व मर्यादेनंतरचे आकडे लिहून ठेवावेत. जोडणी रिकामी असताना २० मिलिसेकंद असलेला पिंग भार आल्यावर ३०-४० पर्यंतच चढला, तर काम झाले असे समजावे. तो ४०० वर गेला, तर मर्यादा अजून खाली आणावी.

प्रश्न: अपलोडचे समजले. पण डाउनलोडची माहिती राउटरपर्यंत पोहोचते तेव्हा ती अरुंद वाट ओलांडून आलेली असते. आलेल्या पाहुण्याला दारात थांबवून गर्दी कशी कमी होणार?

शंका अगदी रास्त आहे, आणि अनेक मार्गदर्शिका ती सोयीस्करपणे टाळतात. डाउनलोडची रांग सेवा पुरवणाऱ्याच्या उपकरणात लागते. तिच्यावर आपली थेट सत्ता नाही. आपण पाठवणाऱ्याच्या सवयीचा फायदा घेतो. राउटरने येणारी काही पॅकेट थोडी अडवली किंवा टाकून दिली, की वर सांगितलेल्या शिस्तीनुसार पलीकडचा सर्व्हर वेग आवरता घेतो आणि काही क्षणांत पुढची पॅकेट कमी गतीने येऊ लागतात. पाहुणा दारात थांबला हे पाहून मागून येणारे घरूनच उशिरा निघतात, असे म्हणू या.

हे नियंत्रण अप्रत्यक्ष असल्यामुळे ढिलाई जास्त ठेवावी लागते. डाउनलोडची मर्यादा ८५ टक्क्यांपासून सुरू करून हळूहळू वाढवत न्यावी. व्हिडिओ सुरू होताना किंवा एकाच वेळी अनेक प्रवाह उघडणाऱ्या डाउनलोडच्या वेळी पहिले एक-दोन सेकंद धक्का बसतोच. आणि पलीकडचा पाठवणारा शिस्त पाळणाराच नसेल, उदाहरणार्थ कोणी मुद्दाम पॅकेटांचा मारा करत असेल, तर घरच्या राउटरवरचा कोणताही नियम उपयोगी पडत नाही.

याला जोडूनच एक गोष्ट सांगावीशी वाटते. डाउनलोड मंद झाले म्हणून डाउनलोडकडेच बोट दाखवण्याआधी अपलोड पाहावे. येणाऱ्या साधारण दर दोन पॅकेटांमागे आपला संगणक एक छोटी पोचपावती परत पाठवतो. १०० एमबीपीएसने डाउनलोड होताना १५०० बाइटांची सुमारे ८३०० पॅकेट दर सेकंदाला येतात. त्यांच्या सुमारे ४१५० पोचपावत्या, प्रत्येकी ४० बाइटांच्या, म्हणजे जवळजवळ १.३ एमबीपीएस अपलोड लागतो. अपलोडची वाट दुसऱ्या कोणी भरून टाकली, तर पोचपावत्या उशिरा पोहोचतात आणि डाउनलोड आपोआप रखडते.

प्रश्न: आमच्याकडे ५० एमबीपीएसची जोडणी आणि पाच माणसे आहेत. भांडण नको म्हणून मी प्रत्येकाच्या उपकरणाला १० एमबीपीएसची मर्यादा घालून दिली आहे. तरी सगळे नाराज आहेत. वाटणी तर समान आहे. मग चूक कुठे?

चूक अशी, की आपण छत बांधले, जमीन बांधली नाही. बँडविड्थच्या नियमात दोन निरनिराळे आकडे असतात आणि पुष्कळदा मेनूत ते शेजारीशेजारी असूनही लोक एकच भरतात. पहिला आकडा हमीचा: गर्दी असली तरी एवढे मिळेलच. दुसरा कमाल मर्यादेचा: मोकळीक असली तरी याच्या पुढे जाता येणार नाही. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत ‘एचटीबी’ नावाची पद्धत वापरतात. तिच्यात यांना ‘रेट’ आणि ‘सील’ म्हणतात. मायक्रोटिकच्या राउटरांत हेच आकडे ‘लिमिट-ॲट’ आणि ‘मॅक्स-लिमिट’ या नावांनी दिसतात.

आपल्या व्यवस्थेत रात्री दोन वाजता एकटा जागणारा माणूसही १० एमबीपीएसच वापरू शकतो आणि उरलेले ४० कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. त्याऐवजी एकूण मर्यादा ४५ एमबीपीएस ठेवून प्रत्येकाला ८ ची हमी आणि ४५ चे छत द्यावे. पाचही जण जागे असतील तेव्हा प्रत्येकाला आपला वाटा मिळेल. कोणी वापरत नसेल तेव्हा त्याचा वाटा इतरांना उसना मिळेल आणि त्याने मागताच परत जाईल. येथे एकच पथ्य आहे: सर्व हमींची बेरीज एकूण मर्यादेपेक्षा जास्त होता कामा नये. आठा पाचे चाळीस, म्हणजे आपण आत आहोत. प्रत्येकी १५ ची हमी लिहिली असती, तर राउटरने ती मुकाट्याने स्वीकारली असती, पण गर्दीच्या वेळी कोणाचे तरी १५ पुरे पडले नसते आणि नियम नादुरुस्त आहे असा समज झाला असता.

आपल्या राउटरात हमीचा रकाना नसेल आणि फक्त छत बांधता येत असेल, तर हे छत सर्वांवर न घालता खरोखर उपद्रवी असलेल्या एक-दोन उपकरणांवरच घालावे. सुरक्षा कॅमेरे, जुन्या फाइलींचा बॅकअप घेणारी पेटी, पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय ही त्यासाठीची नेहमीची उमेदवार मंडळी. ज्यांच्याकडे ‘केक’ आहे, त्यांना तर आकडे लिहिण्याचीही गरज नाही; त्यात प्रत्येक उपकरणाला गर्दीच्या वेळी सारखा वाटा देण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी ‘नॅट’ हा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर राउटरला बाहेरच्या बाजूने घरातली सगळी उपकरणे एकाच पत्त्याची दिसतात.

मी स्वतः एके काळी प्रत्येक उपकरणासाठी वेगळा नियम लिहिण्याच्या मोहात पडलो होतो. कोणता नियम कशासाठी लिहिला, हे सहा महिन्यांनी मलाच सांगता येईना. आता मोजून दोन ठेवले आहेत.

प्रश्न: मर्यादेच्या रकान्यात १० लिहिले आणि सगळे इंटरनेटच ठप्प झाले. असे का?

तो रकाना बहुधा किलोबिटचा असावा. १० एमबीपीएस हवे असतील तर १०००० लिहावे लागते. काही मेनूंत किलोबाइटही असतात. १ बाइट म्हणजे ८ बिट, त्यामुळे तिथे १२५० लिहावे लागेल. रकान्याशेजारचे ‘बी’ अक्षर मोठे आहे की लहान, एवढ्यावरून आठपटीचा फरक पडतो.

प्रश्न: मुलगा खेळासाठी यादीतले पंधरा पोर्ट उघडून त्यांना प्राधान्य द्या म्हणतो. शिवाय ‘डीएससीपी ४६’ लावले की खेळ विजेसारखा चालतो, असे त्याने कुठेतरी पाहिले आहे. यात तथ्य किती?

थोडे आहे, पण मुलगा समजतो तेवढे नाही. पोर्ट म्हणजे एखाद्या कार्यक्रमाची वाहतूक ज्या क्रमांकाच्या दारातून ये-जा करते तो क्रमांक. पोर्टवरून वाहतूक ओळखण्याची पद्धत ज्या काळात ठरावीक कामासाठी ठरावीक पोर्ट असे, त्या काळची आहे. आज संकेतस्थळे, व्हिडिओ, बॅकअप आणि पुष्कळसे बैठकांचे कार्यक्रम हे सगळे ४४३ या एकाच पोर्टवरून, तेही कूटबद्ध स्वरूपात जातात. २०२१ मध्ये प्रमाणित झालेला ‘क्विक’ हा नियमसंचही बहुधा तोच पोर्ट वापरतो. राउटरला आत काय आहे ते दिसत नाही. काही खेळांचे पोर्ट अजून ठरावीक आहेत, परंतु त्याच पोर्टच्या पट्ट्यात दुसरे कार्यक्रमही येऊ शकतात. त्यामुळे पंधरा पोर्ट लिहीत बसण्यापेक्षा खेळाच्या यंत्राला कायमचा ठरावीक आयपी पत्ता द्यावा आणि प्राधान्य त्या पत्त्याला द्यावे. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की त्याच यंत्रावर नव्या खेळाचे भलेमोठे डाउनलोड सुरू झाले तर तेही राजेशाही थाटात सर्वांच्या पुढे जाईल.

डीएससीपी म्हणजे प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर सहा बिटांत लिहिलेली चिठ्ठी. सहा बिटांमुळे तिच्या ६४ किमती होतात. १९९८ मध्ये तिची सध्याची रचना ठरली. ४६ ही किंमत आवाजासारख्या विलंब न सोसणाऱ्या वाहतुकीसाठी, तर ८ ही पारंपरिक रीतीने मागे राहिले तरी चालेल अशा वाहतुकीसाठी वापरतात. पण चिठ्ठी ही विनंती असते, आज्ञा नव्हे. आपल्या राउटरातून बाहेर पडल्यावर सेवा पुरवणारे सहसा तिच्याकडे दुर्लक्ष करतात किंवा ती पुसून टाकतात, आणि ते बरोबरही आहे; नाहीतर प्रत्येकाने आपल्या प्रत्येक पॅकेटवर ४६ लिहिले असते. घराच्या आत मात्र चिठ्ठीला किंमत आहे: वायफायमध्ये आवाज, व्हिडिओ, सामान्य आणि पार्श्वभूमी असे चार वर्ग असतात आणि राउटर चिठ्ठी पाहून पॅकेट कोणत्या वर्गात घालायचे ते ठरवू शकतो.

खेळाला बँडविड्थ फारशी लागत नाही, लागते ती वेळेवरची पोच. म्हणून त्याच्या तक्रारीवरचा उपाय पहिल्या उत्तरातला आहे: आधी मर्यादा, मग रांगेची चांगली पद्धत, आणि तरीही भागले नाही तर प्राधान्य. उलट बाजूने जाणे अधिक सोपे पडते, हाही अनुभव आहे. पंधरा गोष्टींना वर चढवण्याऐवजी बॅकअपसारखी एकच गोष्ट खालच्या वर्गात टाकली, की बाकीचे सगळे आपोआप वर येते.

प्रश्न: मर्यादा लिहिली, जतन केली, राउटर पुन्हा सुरू केला, तरी एका फोनवर ती लागू होते आणि दुसऱ्यावर होत नाही. कधी कधी तर कोणावरच होत नाही. नेमके कुठे पाहावे?

कोणावरच लागू होत नसेल, तर पहिला संशय वेगवर्धक सोयीवर घ्यावा. अनेक राउटरांत ‘हार्डवेअर नॅट’, ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ किंवा ‘फ्लो ऑफलोड’ नावाची सोय असते. ती चालू असताना ओळखीच्या जोडणीची पॅकेट मुख्य प्रोसेसरला वळसा घालून थेट चिपमधून जातात, आणि नियम तर प्रोसेसरपाशी बसलेले असतात. मायक्रोटिकमध्ये अशीच ‘फास्टट्रॅक’ सोय चालू असेल तर ‘सिंपल क्यू’ या विभागात लिहिलेले मर्यादेचे नियम याच कारणाने गप्प राहतात. ही सोय बंद केली की नियम लागू होतात, पण सगळा भार प्रोसेसरवर येतो. जोडणी काहीशे एमबीपीएसची आणि राउटर साधा असेल, तर आता वेगच कमी झाल्याचे दिसेल. अशा वेळी फक्त अपलोडवर नियम ठेवून डाउनलोड मोकळे सोडण्याची मध्यम वाट निवडावी; किंवा एवढी रुंद जोडणी दिवसातून किती वेळा खरोखर भरते ते पाहून नियमांचाच नाद सोडावा.

एकाच फोनवर लागू होत नसेल, तर फोन आपली ओळख बदलत असावा. राउटर उपकरणाला मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या जाळ्याच्या जोडणीला दिलेल्या ओळख-क्रमांकावरून, ओळखतो. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन मूळ पत्ता न देता वायफायच्या जाळ्यागणिक वेगळा, बनवलेला पत्ता देतात. नियम जुन्या पत्त्यावर बसलेला असतो आणि फोन नव्या नावाने हिंडतो. घरच्या जाळ्यापुरती ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये बंद करावी आणि मग राउटरमध्ये त्या पत्त्यासाठी आयपी राखून ठेवावा.

तिसरी शक्यता बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपला नियम १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर लिहिलेला असतो, म्हणजे तो आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीसाठी असतो. जोडणीवर आयपीव्ही६ ही नवी पद्धत चालू असेल, तर ते वापरणाऱ्या व्हिडिओ आणि बॅकअपच्या सेवांची वाहतूक दुसऱ्याच पत्त्यावरून जाते आणि नियमाला हातही न लावता निघून जाते. राउटर मॅक पत्त्यावर नियम बांधू देत असेल तर तो पर्याय घ्यावा. नसेल तर उपकरणावर नियम न लिहिता संपूर्ण जोडणीच्या पातळीवर मर्यादा बांधावी.

नियमांचा क्रम पाहायलाही विसरू नये. पुष्कळ राउटर यादी वरून खाली वाचतात आणि पहिला जुळणारा नियम लावून थांबतात. ‘सर्व उपकरणे’ हा नियम सर्वांत वर असेल, तर त्याखालचे कितीही बारकाईने लिहिलेले नियम वाचलेच जात नाहीत.

प्रश्न: आमच्या छोट्या कार्यालयात आठ इंटरनेट-फोन आहेत. त्यांच्यासाठी किती बँडविड्थ राखून ठेवावी? अर्धी जोडणी राखण्याचा सल्ला मिळाला आहे.

अर्धी जोडणी फारच झाली. फोन ‘जी.७११’ ही नेहमीची आवाजपद्धती वापरत असतील, तर आवाज स्वतः ६४ केबीपीएसचा असतो. तो दर २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटांत जातो. प्रत्येक पॅकेटात १६० बाइट आवाज, ४० बाइट पत्त्यांचा मजकूर आणि इथरनेटचे १८ बाइट धरले, तर एका संभाषणाला एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात. आठही फोन एकाच वेळी वाजले तरी आकडा ७०० केबीपीएसच्या आसपास राहतो. दोन्ही दिशांना प्रत्येकी १ एमबीपीएस राखून ठेवले, तरी पुरेशी सवड उरते.

फोनना कडक प्राधान्य द्यायला हरकत नाही, म्हणजे त्यांचे पॅकेट असेपर्यंत इतर कोणाचे सोडायचे नाही. पण त्या वर्गावरही १ एमबीपीएसचे छत घालावे. कडक प्राधान्याच्या वर्गात चुकून एखादा मोठा प्रवाह शिरला, तर छताअभावी तो बाकी सर्वांची उपासमार करतो. आणि जोडणी फार अरुंद असेल तर प्राधान्यालाही मर्यादा पडते: १ एमबीपीएसच्या अपलोडवर १५०० बाइटांचे एक पॅकेट बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात, आणि एकदा निघालेले पॅकेट अर्ध्यावर थांबवता येत नाही. १० एमबीपीएसवर हाच खोळंबा १.२ मिलिसेकंदांवर येतो आणि विसरून जाण्याजोगा होतो.

प्रश्न: दिवाणखान्यात सगळे उत्तम चालते, आतल्या खोलीत व्हिडिओ अडखळतो. त्या खोलीतल्या टॅबला सर्वोच्च प्राधान्य दिले आहे.

तिथे अडचण इंटरनेटच्या वाटेवर नसून भिंतीपलीकडच्या हवेत आहे. वायफायच्या एका पट्टीवर एका वेळी सहसा एकच उपकरण बोलू शकते. लांबच्या टॅबचा संकेत क्षीण झाला की तो हळू बोलतो आणि त्याला तेवढ्याच माहितीसाठी जास्त वेळ लागतो. बाहेरच्या जोडणीवरचा प्राधान्याचा नियम याला स्पर्शही करत नाही. राउटरची जागा बदलावी, आतल्या खोलीपर्यंत तार ओढून तिथे दुसरे वायफाय उपकरण लावावे, किंवा निदान ५ गिगाहर्ट्झऐवजी भिंतीतून अधिक सहज जाणारी २.४ गिगाहर्ट्झची पट्टी वापरून पाहावी. दुसरा राउटर लावल्यास मर्यादेचा नियम मात्र मोडेमला जोडलेल्या मुख्य राउटरवरच ठेवावा. आतल्या राउटरला बाकीच्या घराची वाहतूक दिसत नाही.

प्रश्न: माझी जोडणी मोबाइल सिमकार्डच्या राउटरची आहे. सकाळी ४० एमबीपीएस मिळतात, रात्री ८ सुद्धा मिळत नाहीत. मग ९० टक्के कशाचे काढायचे?

वेग स्थिर नसलेल्या जोडणीवर एकच आकडा बांधणे हे नेहमीच काहीतरी गमावणे असते. मर्यादा ३६ वर ठेवली, तर रात्री रांग पुन्हा राउटरबाहेर, मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यापाशी जाते आणि नियम असून नसल्यासारखे होतात. ७ वर ठेवली, तर रात्रीची बैठक सुरळीत होते, पण सकाळचे ३३ एमबीपीएस वाया जातात.

ज्यांच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे, त्यांच्यासाठी ‘केक-ऑटोरेट’ नावाची आज्ञावली उपलब्ध आहे. ती सतत पिंगचा विलंब पाहत राहते. विलंब वाढू लागला की मर्यादा खाली ओढते आणि तो निवळला की पुन्हा वर सोडते. तेवढी खटपट नको असेल आणि राउटरात वेळेनुसार नियम बदलण्याची सोय असेल, तर सलग आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री वेग मोजून दोन वेळापत्रके करावीत: दिवसा सैल आणि रात्री घट्ट. तीही सोय नसल्यास डाउनलोड मोकळे ठेवून फक्त अपलोडवर, तेही रात्रीच्या मोजणीवर आधारलेली मर्यादा बांधावी. अपलोड दिवसा अपुरा पडल्याची तक्रार क्वचितच येते, आणि रात्रीच्या बैठकीतला आपला आवाज तोच वाहून नेत असतो.